कलदार आणि हाली

आमच्या वाचकांपैकी ज्यांचे आजोळ बीदर किंवा गुलबर्गा जिल्ह्यात आहे, त्यांच्या घरी जुन्या पेटीच्या तळाशी एखादा तरी हाली रुपया अद्याप सापडावा. चारमिनारचे चित्र असलेला हा रुपया निजामाच्या राज्यात चाले, आणि इंग्रजी राज्यातला रुपया ‘कलदार’ म्हणून ओळखला जाई. सुमारे सात हाली रुपयांस सहा कलदार, असा व्यवहाराचा भाव होता. आमच्या आत्याबाईंना शेवटपर्यंत ही सवय होती, की कोणी हजारांत पगार सांगितला तरी त्या हसून विचारीत, “कलदार की हाली?” त्या प्रश्नात विनोद होता हे खरे, पण एका संपूर्ण पिढीचा अनुभवही त्यात होता. आपल्या राज्यात जे खणखणीत वाजते, ते सीमा ओलांडताच कमी मोलाचे ठरते, हे त्या पिढीला हिशेबाच्या वहीतून शिकावे लागले.

सोलापूरकडून गाडीने येणाऱ्यास हा भेद आणखी एका रीतीने कळे. मुंबईहून रायचुराकडे जाणारा जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग गुलबर्गा जिल्ह्यातून जातो. मुलूख निजामाचा, परंतु रुळांखालची आणि स्टेशनांची जमीन इंग्रजी अधिकारक्षेत्रात मोडे. फलाटावर उभा असलेला मनुष्य एका कायद्याखाली, आणि तोच फाटकाबाहेर टांग्यात बसला की दुसऱ्या कायद्याखाली. वाडी जंक्शनवर गाडी बदलून हैदराबादकडे निघाले म्हणजे करोडगिरीच्या शिपायांची झडती, सामानातील पुस्तके व वर्तमानपत्रे यांची चौकशी, आणि मग निजामाची स्वतःची रेल्वे, जी १८७४ साली सुरू झाली. मुलूख त्यांचा आणि रूळ यांचे, ही एका सार्वभौम सत्तेने अंकित संस्थानावर बसविलेली व्यवस्था होती, हे ध्यानात घेतल्याखेरीज आमच्या भागातील सुधारणेच्या चळवळींचा इतिहास उलगडत नाही.

हा विषय आज काढण्याचे कारण असे. १७ सप्टेंबर जवळ आला की आमच्या मंडळांतून भाषणे होतात, मुलांच्या वक्तृत्वस्पर्धा होतात, आणि त्यांत जी कथा सांगितली जाते तिच्यात दोनच पात्रे असतात: जुलूम करणारा निजाम आणि झुंजणारी प्रजा. ती कथा खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. आमच्याच घरात तिचे साक्षीदार होऊन गेले. पण तिच्यातून तिसरे पात्र सफाईने गळून पडले आहे. हैदराबादेत मुसी नदीच्या उत्तर तीरावर, ज्यास लोक आजही कोठी म्हणतात तेथे, खांबांच्या ओळींचा एक टोलेजंग प्रासाद आहे. तेथे इंग्रजांचा रेसिडेंट राहत असे. निजामाच्या मसनदीमागे कोणाचा हात आहे हे पाहावयाचे असेल तर त्या वाड्याच्या पायऱ्यांपाशी जावे लागते.

१७९८ साली निजाम अलीने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. १८०० सालच्या तहाने परराज्यांशी बोलण्याचा अधिकारही गेला. बदल्यात कंपनीने एक आश्वासन दिले, की निजामाची मुले, नातलग, प्रजा व नोकर यांच्याशी आपला काही संबंध राहणार नाही. त्यांच्याबाबत निजाम सर्वाधिकारी. हे कलम वाचकांनी नीट पाहावे. राजास बाहेरच्या बाजूने बांधून टाकावयाचे आणि आतल्या बाजूने त्यास मोकळे सोडावयाचे, असा हा सौदा. प्रजेपुरते पाहिले तर त्याचा अर्थ एवढाच, की राजा कितीही बिघडला तरी त्याच्या संरक्षणास इंग्रजांची पलटण सिकंदराबादेत उभीच आहे. पूर्वी जुलमी राजास बंडाचे किंवा शेजाऱ्याच्या स्वारीचे भय असे. आता तेही उरले नाही.

पण ‘संबंध नाही’ हे वचन किती खरे होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण आमच्याच भागातले आहे. सुरपूर, ज्यास इंग्रज शोरापूर म्हणत, हे बेरड नायकांचे लहानसे संस्थान. ते पूर्वी गुलबर्गा जिल्ह्यात होते आणि आता यादगीर जिल्ह्यात आहे. सुरपूर निजामाचे मांडलिक आणि निजाम इंग्रजांचा, म्हणजे मांडलिकाचे मांडलिक. राजा अल्पवयी म्हणून १८४१च्या सुमारास तेथे कॅप्टन मेडोज टेलर यांची नेमणूक झाली. ठगांवरील कादंबरीमुळे विलायतेत प्रसिद्ध झालेले ते हेच. लोक त्यांस ‘महादेवबाबा’ म्हणत, यावरून त्यांच्याविषयीचा आदर दिसतो. त्यांनी हिशेब सुधारले, कर्ज फेडले, तळी व रस्ते यांकडे लक्ष दिले, आणि बालराजा व्यंकटप्पा नायकास जवळजवळ पोटच्या मुलासारखे वाढविले. १८५३ साली राजा वयात आल्यावर कारभार त्याच्या हाती देऊन ते निघून गेले. चारपाच वर्षांनी हाच व्यंकटप्पा नायक इंग्रजांविरुद्ध उठला. १८५८च्या फेब्रुवारीत सुरपूर पडले, कॅप्टन न्यूबेरी मारला गेला, राजा पकडला गेला. फाशीची शिक्षा कमी होऊन त्यास मद्रासकडील किल्ल्यात काही वर्षे ठेवण्याचे ठरले; परंतु वाटेतच पिस्तुलाच्या गोळीने त्याचा अंत झाला. १८६० साली सुरपूरचा मुलूख इंग्रजांनी निजामास बक्षीस दिला, सत्तावनच्या धामधुमीत निष्ठा राखल्याबद्दल.

टेलरसाहेबांच्या सद्‌हेतूविषयी आम्हांस शंका नाही. त्यांच्या सुधारणा खऱ्या होत्या. मात्र त्या सुधारणांत सुरपूरच्या रयतेस किंवा राजासही विचारावयाचे असते, ही कल्पना कोणासच सुचली नाही. उत्तम कारभार वरून यावा, मोजून यावा, आणि देणाऱ्यास वाटेल तेव्हा परत घेता यावा, हीच त्या काळची सुधारणेची व्याख्या होती. पुढील नव्वद वर्षे हैदराबाद संस्थानात तीच चालली.

पहिले सालारजंग १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षे दिवाण होते. जिल्हे पाडणे, पगारी अंमलदार नेमणे, महसुलाची मक्तेदारी मोडणे ही त्यांची कामे. बीदर व गुलबर्गा हे आधुनिक अर्थाने ‘जिल्हे’ झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. इंग्रज त्यांची मुक्तकंठाने स्तुती करीत. पण वऱ्हाड परत मिळावे म्हणून त्यांनी चिकाटी धरली, तेव्हा स्तुती आटली. वऱ्हाड १८५३ साली फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांच्या ताब्यात गेले होते. १८७७ साली रेसिडेंट सर रिचर्ड मीड यांनी सालारजंगांच्या इच्छेविरुद्ध त्यांचे प्रतिस्पर्धी अमीर-ए-कबीर रशीदुद्दीनखान यांस त्यांच्या जोडीस बसविले. सालारजंगांचे कर्तृत्व ज्या दिवशी इंग्रजांच्या हिशेबाबाहेर जाऊ लागले, त्या दिवशी त्यास लगाम लागला.

आणि प्रजेने तोंड उघडले तर? सालारजंग वारले त्याच वर्षी, १८८३ मध्ये, चांदा रेल्वेची योजना पुढे आली. विलायती भांडवल आणि व्याजाची हमी संस्थानच्या तिजोरीची, असा तो प्रकार. लोकांपुढे कागद ठेवावेत म्हणून हैदराबादेत जी मंडळी उभी राहिली त्यांत डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय आणि मुल्ला अब्दुल कय्यूम होते. अघोरनाथ म्हणजे सरोजिनी नायडूंचे वडील. त्यांस संस्थानाबाहेर काढण्यात आले. हैदराबादेतील सार्वजनिक चळवळीच्या पहिल्या पानावर एक बंगाली ब्राह्मण व एक मुसलमान विद्वान यांची नावे शेजारी शेजारी आहेत, ही गोष्ट आमच्या वक्तृत्वस्पर्धांतून क्वचितच ऐकू येते.

आता मराठी मंडळींकडे येऊ. कै. केशवराव कोरटकर हे मूळचे परभणीकडचे. परंतु त्यांची घडण गुलबर्ग्यास झाली आणि वकिलीही तेथेच सुरू झाली. पुढे ते हैदराबादेस गेले, आर्यसमाजाचे पुढारी झाले, उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, आणि १९३२ साली निवर्तले. १९०७ साली कै. विठ्ठलराव देऊळगावकर व केशवराव यांच्या खटपटीने गुलबर्ग्यात नूतन विद्यालय निघाले. हैदराबादेत त्याच सुमारास विवेकवर्धिनी उभी राहिली. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर तेव्हा हैदराबादेत चित्रकार म्हणून नाव मिळवून होते व या मंडळींत मिसळून गेले होते. त्यांच्यावर इंग्रजांची वक्रदृष्टी वळली तेव्हा त्यांस संस्थान सोडावे लागले. १९०८ साली कोल्हापूरच्या ‘विश्ववृत्त’ मासिकात वैदिक प्रार्थनांवरील त्यांचा लेख आला आणि त्यावर राजद्रोहाचा खटला झाला, संपादक प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर तुरुंगात गेले. खटला भरला गेला तो कोल्हापूर दरबारच्या न्यायालयात, आणि ज्याचा द्रोह झाला असे म्हटले गेले ते राज्य मात्र इंग्रजांचे. संस्थानिकाने स्वतःच्या हाताने इंग्रजांची काठी चालवावी, ही पद्धत तेव्हा पुरती रुळली होती. १९०९ साली व्हाइसरॉय मिंटो यांनी संस्थानिकांस पत्रे पाठवून राजद्रोह मोडण्याविषयी विचारणाही केली. तोच सुमार आहे ज्या सुमारास त्यांनी उदयपूरला संस्थानांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करण्याचे धोरण जाहीर केले. पहिल्या पत्रावाचून दुसऱ्या भाषणाचा अर्थ लागत नाही.

पहिल्या महायुद्धात निजामाने इंग्रजांस अमाप द्रव्य दिले आणि १९१८ साली त्यांस ‘यार-ए-वफादार’ ही पदवी मिळाली. १९१९ मध्ये सर अली इमाम यांच्या अध्यक्षतेखाली कार्यकारी मंडळ नेमले गेले. कायदेमंडळ वाढविण्याचा विचार निघाला, राय बालमुकुंद यांच्याकडे त्याचे टिपण करण्याचे काम आले. टिपण झाले, फायलीत गेले. १९२१ च्या सुमारास न्यायखाते कारभाराच्या खात्यापासून वेगळे झाले. ही गोष्ट निजामाच्या राज्यात झाली, हे श्रेय ज्याचे त्यास दिले पाहिजे. पण त्याच सुमारास खिलाफतीच्या सभांतून हिंदू व मुसलमान एका व्यासपीठावर येऊ लागले. कोठीवर त्याचा घोर लागला. फर्मान निघाले की राजकीय सभांस परवानगी लागेल. १९२९ मध्ये यालाच पक्के रूप आले ते सुप्रसिद्ध ‘गश्ती निशाण ५३’ मध्ये. सभा भरवावयाची तर आधी अर्ज, विषय कळवावयाचा, आणि परवानगी अंमलदाराच्या मर्जीवर. खाजगी शाळेस परवानगी, आखाड्यास परवानगी, देवळाच्या दुरुस्तीस परवानगी.

आमचे आजोबा भालकीजवळच्या एका गावी काही काळ शाळा चालवीत. शाळा म्हणजे देवळाची पडवी, सात-आठ मुले, धूळपाटी, आणि सायंकाळी परवचा. परवानगी नाही या कारणावरून ती बंद करण्याचा हुकूम आला. आजोबा अर्ज घेऊन कचेरीत गेले. अर्ज उर्दूत हवा होता. उर्दूत लिहवून घेतला. मग मुलांची यादी हवी होती. यादी दिली, तोवर पेरणीचे दिवस आले आणि यादीतील मुले शेतांवर गेली. आजोबांस कोणी मारले नाही, तुरुंगातही टाकले नाही. ते पुढे दुकानाच्या हिशेबनिशीस लागले आणि गावची मुले आणखी बारा-पंधरा वर्षे निरक्षर राहिली. जुलमाचे वर्णन करताना आपण रक्ताच्या घटना सांगतो. आमच्या घराण्याच्या वाट्यास जुलूम आला तो असा, अर्जाच्या रूपाने.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सभाबंदी राजकारणास असल्यामुळे मंडळी सामाजिक परिषदा भरवीत. १९२१ च्या नोव्हेंबरात हैदराबादेत विवेकवर्धिनीच्या जागेत निजाम राज्यातील सामाजिक परिषद भरली. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. भाषणे इंग्रजीत झाली, मराठीत झाली, उर्दूत झाली. आलमपल्ली वेंकटरामराव नावाचे वकील तेलुगूत बोलू लागले तेव्हा श्रोत्यांनी टाळ्या पिटून व ओरडून त्यांस खाली बसविले. तेथे बहुसंख्य श्रोते कोण होते हे सांगावयास नको. अपमानित झालेली तेलुगू मंडळी त्याच रात्री जमली व आंध्र जनसंघाचा पाया पडला. त्यातूनच १९३० मध्ये जोगीपेठेस आंध्र महासभा भरली. पुढे महाराष्ट्र परिषद झाली, कर्नाटक परिषद झाली, आणि एका राज्यातील प्रजा तीन भाषांच्या तीन व्यासपीठांवर विभागली गेली. रेसिडेंटास यासाठी काही करावे लागले नाही. आम्ही आज कन्नड मुलखात राहून आपल्या भाषेच्या मानाबद्दल हळवे असतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या सभागृहातील त्या टाळ्या आमच्याही खात्यावर मांडलेल्या आहेत.

राजकीय परिषद राज्यात भरविता येईना, म्हणून ती बाहेर भरे: १९२३ साली काकिनाड्यास, नंतर मुंबई, पुणे, आणि १९३१ मध्ये अकोल्यास. आपल्या घरचे गाऱ्हाणे सांगण्यास परक्याच्या ओटीवर जावे लागे, तसेच हे होते.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. इंग्रज संस्थानाच्या आत हात घालीत नसत काय? घालीत, आणि केव्हा घालीत हे पाहण्यासारखे आहे. १९२३ पासून निजाम मीर उस्मान अलीखान यांनी वऱ्हाड परत मागण्यास आरंभ केला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या बोलीवर कायमच्या पट्ट्याने घेतले होते. निजामाने लिहिले, की परराष्ट्रव्यवहार सोडता आपण इंग्रजांच्या बरोबरीचे आहोत. २७ मार्च १९२६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांचे उत्तर आले. त्याचा आशय असा, की हिंदुस्थानात इंग्रज राजमुकुटाची सत्ता सर्वश्रेष्ठ आहे, ती केवळ तहांवर अवलंबून नाही, कोणीही संस्थानिक तिच्याशी बरोबरीने वाटाघाट करू शकत नाही, आणि प्रजेचे कल्याण धोक्यात आले तर आत हस्तक्षेप करण्याचा अधिकार तिला आहे.

प्रजेचे कल्याण! शब्द वाचून आमच्या मुलखातील एखाद्या भोळ्या वकिलास वाटले असेल, की आता गश्त्या उठणार, सभा भरणार, शाळा निघणार. घडले ते असे. त्या पत्राच्या जोरावर निजामाकडे मागण्या झाल्या, की महत्त्वाच्या खात्यांवर इंग्रज अधिकारी घ्यावेत व मंत्रिमंडळातील नेमणुकांस हिंदुस्थान सरकारची संमती असावी. १९२७ मध्ये थिओडोर टास्कर हे इंग्रज मुलकी अधिकारी महसूल खात्यावर आले आणि पुढे कार्यकारी मंडळात बसले. पोलीस खात्याच्या शिरावरही अनेक वर्षे इंग्रज अधिकारीच असत. महसुलाचे दप्तर नीटनेटके झाले असेल. पण गश्ती ५३ निघाली ती या हस्तक्षेपानंतर, तीन वर्षांनी. प्रजेचे कल्याण म्हणून जो हात आत शिरला त्याने प्रजेच्या तोंडावरील हात दूर केला नाही.

१९३८ हे वर्ष आमच्या दोन्ही जिल्ह्यांनी पाहिलेले सर्वांत कडू वर्ष. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषद भरली होती. ब्रिटिश प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली होती. दिवाण सर अकबर हैदरी यांनी दिवाण बहादूर अरवमुदु अय्यंगार यांची सुधारणा समिती नेमली होती. विलायतेत पार्लमेंटपुढे लॉर्ड विंटरटन यांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये सांगितले, की संस्थानिकाने प्रजेस अधिकार द्यावयाचे ठरविल्यास सार्वभौम सत्ता आड येणार नाही, आणि ती त्यास भागही पाडणार नाही. ऐकण्यास हे तटस्थपणाचे वाटते. परंतु इंग्रजांस त्या वेळी १९३५ च्या कायद्यातील संघराज्यात निजामाला आणावयाचे होते. काँग्रेसचे बहुमत तोलण्यास संस्थानिकांचे नेमलेले प्रतिनिधी हवे होते. निवडून आलेले प्रतिनिधी त्या कामाचे नव्हते. मग हैदराबादेत निवडणुकीचे राज्य यावे, यात कोठीला गोडी कशी वाटावी?

स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच, ७ सप्टेंबर १९३८ रोजी तिच्यावर बंदी आली. जन्मापूर्वी मृत्यूचा दाखला, असे तेव्हा लोक म्हणत. २४ ऑक्टोबरपासून सत्याग्रह सुरू झाला. त्यात स्वामी रामानंद तीर्थांचे नाव पुढे आले. त्याच वेळी आर्यसमाजाचा वेगळा लढा पेटत होता. जूनमध्ये कल्याणीस, आजच्या बसवकल्याणात, धर्मप्रकाश या तरुण आर्यसमाजी कार्यकर्त्याचा खून झाला होता. उदगीरचे वकील भाई श्यामलाल बीदरच्या तुरुंगात होते. डिसेंबरात ते तेथेच वारले. उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यातच होते हे नव्या वाचकांस सांगितले पाहिजे. नोव्हेंबरात उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून संप झाला. काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांस नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकी एक.

गांधीजींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने २४ डिसेंबरला सत्याग्रह थांबविला. आर्यसमाजाने मात्र त्याच महिन्यात सोलापूरला लोकनायक अणे यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरवून लढा वाढविला. पहिले सर्वाधिकारी महात्मा नारायण स्वामी यांस गुलबर्ग्यात पकडले गेले आणि तेथल्याच तुरुंगात ठेवले गेले. त्यानंतर सोलापूरकडून गाड्या भरून सत्याग्रही येत राहिले. आमच्या परिचयाच्या एका वृद्धांनी सांगितलेले दृश्य आम्ही विसरलो नाही. सत्याग्रही गुलबर्ग्याच्या फलाटावर उतरत, घोषणा देत, आणि निजामाचे पोलीस फाटकाबाहेर त्यांची वाट पाहत उभे असत. रुळांची हद्द ओलांडली की पकडत. केशवरावांचे पुत्र बॅरिस्टर विनायकराव विद्यालंकार या लढ्याचे आठवे सर्वाधिकारी झाले.

१९ जुलै १९३९ रोजी सुधारणा जाहीर झाल्या, आणि ८ ऑगस्टला आर्य सत्याग्रह मागे घेतला गेला. पंच्याऐंशी सभासदांचे कायदेमंडळ. त्यांत बेचाळीस निवडून आलेले. निवडणूक व्यवसायवार, आणि हिंदू व मुसलमान यांस समान जागा. १९४१च्या खानेसुमारीप्रमाणे संस्थानची वस्ती एक कोटी साठ लाखांहून अधिक होती व तीत मुसलमान सुमारे आठात एक. मंडळास जबाबदार असे सरकार नाहीच. इतके करूनही युद्धाच्या सबबीवर ते अमलात येण्यास १९४६ उजाडले, तेव्हा स्टेट काँग्रेसने त्यावर बहिष्कार घातला. तिच्यावरील बंदीही त्याच वर्षीच्या जुलैत उठली. म्हणजे पावणेआठ वर्षे ती टिकली.

कोणी म्हणेल, ही सर्व हट्टाई निजामाची. इंग्रजांनी केवळ डोळेझाक केली. याचे उत्तर राजकोटास मिळते. २६ डिसेंबर १९३८ रोजी तेथील ठाकोरसाहेबांनी सरदार पटेलांशी करार केला, की सुधारणांसाठी दहा जणांची समिती नेमावी आणि तीत सात माणसे सरदारांनी सुचविलेली असावीत. म्हणजे येथे राजाच सुधारणा देऊ लागला होता. तेव्हा रेसिडेंट गिब्सन मध्ये पडले आणि काही दिवसांत ठाकोरसाहेब फिरले. मग सत्याग्रह, गांधीजींचे उपोषण, सरन्यायाधीश ग्वायर यांचा निवाडा, आणि अखेर गांधीजींनी त्या निवाड्याचा लाभही सोडून दिला. त्याच सुमारास लहानशा औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधी व त्यांचे पुत्र अप्पासाहेब यांनी १९३९च्या जानेवारीत प्रजेच्या हाती कारभार देणारी घटना केली, आणि ती चालली. पंडित सातवळेकर तेव्हा औंधातच राहत होते. औंध लहान होते. त्याच्या उदाहरणाने संघराज्याचे गणित बिघडत नव्हते. हैदराबादचे क्षेत्र ब्याऐंशी हजार चौरस मैल.

आमच्या पिढीने हाच खेळ दुसऱ्या खंडात वर्तमानपत्रांतून पाहिला. १९५६ मध्ये हंगेरीत आणि १९६८च्या ऑगस्टात चेकोस्लोव्हाकियात रशियाचे रणगाडे शिरले. डुबचेक यांस मॉस्कोस नेले आणि सही घेऊन परत पाठविले. पुढे ब्रेझनेव यांनी सिद्धान्तच सांगितला, की समाजवादी राष्ट्रांचे सार्वभौमत्व समाजवादाच्या हितापुढे मर्यादित आहे. रीडिंगसाहेबांचे पत्र ज्यांनी वाचले होते त्यांस त्यात नवे काही दिसले नसेल. पण हैदराबादशी खरे साम्य आम्हांस पोलंडचे वाटते. तेथे १३ डिसेंबर १९८१ रोजी रशियाचा एकही रणगाडा हलला नाही. पोलंडच्याच जनरल यारुझेल्स्कींनी, पोलंडच्याच सैन्याकडून, पोलिश कामगारांची संघटना मोडली. आजतागायत तेथे वाद चालतो, की त्यांनी देश विकला की मोठ्या संकटातून वाचविला. हैदरींविषयी हा वाद आमच्याकडे कोणी घातलाच नाही. आम्ही त्यांस निजामाचा माणूस म्हणून मोकळे झालो.

१५ ऑगस्ट १९४७ ला इंग्रजांनी सार्वभौमत्व गुंडाळून नेले आणि सांगितले, की संस्थानांवरील आमचा अधिकार संपला. १९२६ साली ज्यास बरोबरीने बोलण्याचा हक्क नाही असे बजावले, त्यास एकवीस वर्षांनी वाऱ्यावर सोडले, आणि त्याने स्वतंत्र होण्याचे स्वप्न पाहिले. त्या स्वप्नाची किंमत आमच्या खेड्यांनी रझाकारांच्या हातून भरली. ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्लाखान यांनी विलीनीकरणाचा पक्ष घेतला म्हणून २२ ऑगस्ट १९४८च्या रात्री त्यांचा खून झाला. १७ सप्टेंबरनंतर गंगा उलटी वाहिली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने ज्या चार जिल्ह्यांत मुसलमानांची सर्वाधिक हानी झाल्याचे नमूद केले, त्यांत उस्मानाबाद व नांदेड यांच्याबरोबर बीदर आणि गुलबर्गा आहेत. आमच्या घरच्या वडीलमंडळींनी त्या आठवड्यांविषयी कधी काही सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

१९५६ मध्ये बीदर जिल्हा दुभंगला. उदगीर, अहमदपूर, निलंगा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात राहिले. भाई श्यामलालांचे गाव आता एका राज्यात आणि ते ज्या तुरुंगात वारले तो दुसऱ्या राज्यात आहे. उदगीरच्या शाळेत १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो, आणि भालकीच्या शाळेत, २०१९ पासून, कल्याण कर्नाटक उत्सव. गुलबर्गा २०१४ पासून कलबुर्गी झाले. ज्या मुलांस दोन्हीकडे मामे-आते भावंडे आहेत, ती सकाळी एकीकडचे झेंडावंदन आटोपून दुपारच्या बसने दुसरीकडे जेवावयास जातात. गेल्या खेपेस आमच्या नातवाने वक्तृत्वस्पर्धेसाठी भाषण लिहून मागितले. आम्ही त्यात रेसिडेंटाविषयी दोन वाक्ये घातली. परीक्षकांनी त्यास बोलावून विचारले, हे कोण? त्यास सांगता आले नाही. म्हणून हा लेख लिहिला, आणि पेटीतला हाली रुपया त्याच्या हाती दिला.